धनाग्र ऋण कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही. पण कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात, सेल हाउसमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात त्या विभागात, बत्तीस वर्षं काढली असं लिहिलंय, म्हणून काका म्हणते. विद्युत घटावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. एक, मी जस्ताच्या पट्टीला धनाग्र, म्हणजे ॲनोड, म्हटलं आणि पुढच्याच ओळीत ती ऋण असते असंही लिहिलं. तुमच्या सेल हाउसमधलं धनाग्र कायम रेक्टिफायरच्या (एकाच दिशेने वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या) धन टोकाला जोडलेलं असायचं, तेव्हा मी मुलांना उलटं शिकवते आहे. दोन, लिंबातून वीज येत नाही असं मी म्हणते, पण लिंबू काढलं की दिवा विझतो. तीन, घटातली दोन द्रावणं जोडणाऱ्या सॉल्ट ब्रिजमधून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात हे माझं वाक्य साफ चूक आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. अकरावी-बारावीला इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवून ते वाक्य माझ्या हातून गेलं, याचं मला वाईट वाटलं. इलेक्ट्रॉन तारेतून जातात. पाण्यातून, द्रावणातून ते असे मोकळे फिरत नाहीत. द्रावणात फिरतात ते आयन, म्हणजे भार असलेले कण. डॅनियलच्या घटात जस्ताची पट्टी एका द्रावणात आणि तांब्याची दुसऱ्यात असते. जस्त विरघळतं तसे त्या बाजूला धन आयन वाढत जातात. दुसऱ्या बाजूला मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणातले तांब्याचे आयन पट्टीवर बसतात आणि सल्फेट एकटं मागे उरतं. म्हणजे एकीकडे धन भार साचायला लागतो, दुसरीकडे ऋण. हा तोल सावरला नाही तर घट क्षणात थांबतो. सॉल्ट ब्रिज तो तोल सावरतो. त्यात पोटॅशियम नायट्रेट असेल तर नायट्रेट जस्ताकडे सरकतं आणि पोटॅशियम तांब्याकडे. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही गाळणकागदाची पट्टी त्या द्रावणात भिजवून दोन चंचुपात्रांवर टाकायचो. पट्टी उचलली की व्होल्टमीटरचा काटा शून्यावर, परत ठेवली की काटा जागेवर. हे दरवर्षी पाहत आले असताना तसं वाक्य लिहायला नको होतं. लेखात ते आज बदललंय.

तुमच्यामुळे आठवलं म्हणून इथेच एक सांगते. १८३६ साली जॉन फ्रेडरिक डॅनियलने हा घट केला, त्यानंतर दोन द्रावणं वेगळी ठेवायला झिलई न दिलेलं मातीचं भांडं वापरण्याची रीत पडली. भिजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून आयन ये-जा करतात, पण द्रावणं भसकन एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याकडे ते भांडं दर संक्रांतीला घरात येतंच. सुगड! रंग न दिलेलं एक सुगड तासभर पाण्यात भिजवायचं. त्यात मिठाचं पाणी आणि जुन्या सेलच्या कवचातून कापलेली जस्ताची पट्टी घालायची. हे सुगड काचेच्या बरणीत मोरचुदाच्या द्रावणात ठेवायचं आणि बरणीत तांब्याची पट्टी सोडायची. इथे बडोद्यात मांडवीत भांड्यांच्या दुकानांत तांब्याचा तुकडा सहज मिळतो. मल्टिमीटर एक व्होल्टच्या आसपास दाखवतो. पुस्तकातला आकडा १.१० आहे. तांब्याचं प्रमाण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारा आकडा, ०.३४ व्होल्ट आणि जस्ताचं उणे ०.७६, त्या दोहोंतला तो फरक. आपल्या बरणीत द्रावणं पुस्तकाच्या मापाची नसतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं त्याला लावू नये आणि हात धुवावेत, एवढं मात्र मुलांना बजावून सांगायचं.

आता तुमची पहिली तक्रार. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण माझे विद्यार्थी नेमके याच जागी अडखळायचे. हुशार मुलंसुद्धा.

तुम्ही विचारता, धनाग्र ऋण कसं असेल? शब्दातच धन आहे! काका, गोंधळाचं मूळ त्या शब्दातच आहे, रसायनात नाही. १८३४ साली मायकेल फॅरडेला या टोकांसाठी नावं हवी होती. इलेक्ट्रॉन तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, त्याचा शोध लागायला १८९७ साल उजाडावं लागलं. वीज म्हणजे नेमकं काय वाहतं हे कळलेलं नसताना धन-ऋण, आकर्षण-अपकर्षण अशा कल्पनांना बांधलेलं नाव फॅरडेला नको होतं. उद्या कल्पना बदलली तर नावही खोटं ठरेल ही त्याची काळजी होती. विल्यम ह्यूएल या पंडिताला विचारून त्याने ग्रीक शब्द घेतले. ॲनोड म्हणजे वर जाण्याची वाट आणि कॅथोड म्हणजे खाली उतरण्याची, सूर्य उगवतो ती बाजू आणि मावळतो ती बाजू. त्या शब्दांत चिन्ह नाही. फॅरडेने मुद्दाम टाळलेलं चिन्ह मराठी पारिभाषिक शब्द करताना परत आत आलं. ॲनोडचं झालं धनाग्र, कॅथोडचं ऋणाग्र. तुमच्या सेल हाउसपुरते ते शब्द चपखल बसतात. बॅटरीत बसत नाहीत.

ॲनोडची खरी ओळख एकच: तिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे कुणीतरी इलेक्ट्रॉन देतं. कॅथोडवर क्षपण होतं, म्हणजे कुणीतरी इलेक्ट्रॉन घेतं. एवढं धरलं की चिन्ह आपोआप कळतं. तुमच्या सेलमध्ये मिठाच्या पाण्यातला क्लोराइड आयन इलेक्ट्रॉन द्यायला राजी नसतो. त्याच्याकडून ते ओढून घ्यायला रेक्टिफायर लागतो, आणि इलेक्ट्रॉन ओढणारं टोक धनच असणार. क्लोराइडचा क्लोरीन वायू होतो, हे ऑक्सिडीकरणच. डॅनियलच्या घटात उलट आहे. जस्त आपणहून इलेक्ट्रॉन सोडतं, ते पट्टीवर जमतात, म्हणून ती पट्टी ऋण. पण तिथेही जे चाललंय ते ऑक्सिडीकरणच. एकीकडे स्वखुशीचा सौदा, दुसरीकडे वसुली. दोन्हीकडे देणारी बाजू ती ॲनोड.

हे पटायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी. १८५९ मध्ये गास्तों प्लांतेने पहिली केली, तिचीच ही वंशज. आत दोन-दोन व्होल्टचे सहा घट, म्हणून बारा व्होल्ट. एक पाटी शिशाची, दुसरी तपकिरी लेड डायऑक्साइडची. वीज गेली आणि पंखा इन्व्हर्टरवर चालू लागला की शिशाची पाटी इलेक्ट्रॉन देते. त्या वेळी ती ॲनोड असते. वीज परत आली, चार्जिंग सुरू झालं की तीच पाटी इलेक्ट्रॉन घेते, तिच्यावर साचलेलं लेड सल्फेट पुन्हा शिसं होतं. म्हणजे ती कॅथोड झाली. पाटी तीच, जागा तीच, तिचं ऋण चिन्हही तेच, नाव मात्र बदललं. म्हणून बॅटरीच्या झाकणावर अधिक आणि उणे कोरलेलं असतं, ॲनोड-कॅथोड कोरलेलं नसतं. धनाग्र या शब्दावर हटून बसलो तर चार्जिंगच्या वेळी या बॅटरीशी जुळेल आणि पंखा सुरू झाला की जुळणार नाही.

रावपुऱ्यात माझ्या ओळखीचे एक बॅटरीवाले आहेत. त्यांच्याकडे मी मुलांना हायड्रोमीटर, म्हणजे द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे ते मोजणारी नळी, दाखवायला नेत असे. पूर्ण चार्ज बॅटरीचं आम्ल १.२८ च्या जवळपास दाखवतं, उतरलेल्या बॅटरीचं १.१५ च्या आसपास. बॅटरी उतरताना सल्फ्यूरिक आम्ल दोन्ही पाट्यांवर सल्फेट होऊन बसतं आणि मागे पाणी उरतं, म्हणून द्रावण हलकं होतं. पुस्तकातलं समीकरण काचेच्या नळीत खाली-वर होताना दिसलं की पोरं गप्प होऊन बघायची.

शब्दांचा हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही, आणि बडोद्यात राहून तसा वाटूही नये. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन उभं केलं, त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनतज्ज्ञ त्यामागे होता. १९३१ साली याच संस्थानाने कारभाराच्या शब्दांचा कितीतरी भाषांतला कोश छापला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू. शब्द नीट असावेत म्हणून इथे लोकांनी आयुष्यं वेचली आहेत. म्हणूनच मी मराठीत लिहिताना ऑक्सिडीकरण आणि क्षपण आनंदाने वापरते, मोरचूद तर हक्काने. पण धनाग्र-ऋणाग्र यापुढे माझ्या लेखात नसतील. मागच्या लेखात ते होते, तिथेही मी ॲनोड आणि कॅथोड केलं आहे. धनाग्र नेहमी धनच असतं असं लिहा म्हणता, त्याला मात्र माझा नकार आहे.

लिंबाच्या बाबतीत आपण दोघंही अर्धे बरोबर आहोत. लिंबात दोन्ही तांब्याच्या पट्ट्या खोचा, मीटर काही दाखवणार नाही. दोन्ही जस्ताच्या खोचा, तरी नाही. एक जस्त आणि एक तांबं लावलं की लगेच व्होल्टभर दाब येतो. लिंबाऐवजी ताक घ्या, तेही चालतं. म्हणून मी लिहिलं होतं की वीज लिंबाची नाही, ती जस्ताच्या झिजण्यातून येते. एक ग्रॅम जस्त पूर्ण झिजलं तर फॅरडेच्या हिशेबाने २,९५० कूलोमच्या (कूलोम हे विद्युत भाराचं माप) आसपास भार मिळतो. पण लिंबू म्हणजे नुसता रस्ता, हे माझं म्हणणं अपुरं होतं. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तांब्यापाशी कोण घेतं? लिंबाच्या आम्लातले हायड्रोजन आयन. त्यांचा वायू होतो. तांबं तिथे नुसतं ओटा असतं, व्यवहार त्याच्यावर होतो. घेणारा लिंबात आहे, म्हणजे लिंबाचाही वाटा आहे. हे तुम्ही ज्या शब्दांत मांडलंत ते मला मान्य नाही, पण तुमच्या बोलण्यामुळेच ते माझ्या लक्षात आलं. आणि शाळेच्या प्रदर्शनात तुम्ही पाहिलेला दिवा एलईडी असणार, तोही तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडून. टॉर्चच्या जुन्या बल्बला लागतो तेवढा प्रवाह लिंबातून निघत नाही.

शेवटी एक प्रश्न, आणि याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त चांगलं असेल. मेम्ब्रेन सेलचा, म्हणजे दोन टोकांमध्ये पातळ पडदा असलेल्या सेलचा, प्लांट बंद करताना मोठा रेक्टिफायर थांबवला की आत क्लोरीन उरलेला असतो. तेवढ्यावर तो सेल स्वतःच बॅटरीसारखा वागू लागतो आणि उलटा प्रवाह सुरू होतो. त्याने कॅथोडचा लेप खराब होऊ नये म्हणून पोलरायझेशन रेक्टिफायर नावाचा एक छोटा रेक्टिफायर चालू ठेवतात, असं मी वाचलं आहे. तुमच्याकडे तो होता का? उलटा प्रवाह वाहताना तुमच्या त्या धनाग्रावर उरलेला क्लोरीन इलेक्ट्रॉन घेऊन परत क्लोराइड होतो. टोक अजून धनच, पण त्याच्यावर आता क्षपण चाललेलं आहे. शटडाउनच्या त्या थोड्या वेळात, काका, सेल हाउसमध्ये तुम्ही त्याला काय म्हणत होता?