‘कासवांच्या आडून खोल्या विकणं बंद करा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपण नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे दादा म्हणू की ताई ते कळत नाही. ‘आपण’वरच भागवते.

कासवांची पिल्लं बघायला येणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखाखाली आपली चार वाक्यं आली. पहिलं, “कासवांच्या आडून खोल्या विकणं बंद करा.” मग खोलीचा दर लिहिलेला नाही, अंगणाचा फोटो जुना वाटतो, आणि शेवटचा फोन नंबर केवढ्या मोठ्या लाल अक्षरांत आहे. त्यापुढे हसून लोळणारे तीन चेहरे.

नंबराचं मान्य. भाच्याने हौसेने केला होता, त्याच्याकडूनच लहान आणि काळा करून घेतला. बघा, चांगलं सांगितलं तर ऐकते मी.

पण “बंद करा”? आमच्या ओटीवर भांडायला आलेला माणूससुद्धा आधी पाणी पितो, मग आवाज चढवतो. आपण लेख पुरता वाचलात की नुसता नंबर बघून हात शिवशिवले, देव जाणे. “मला ही जाहिरात वाटली” असं म्हटलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. हुकूम सोडलात, म्हणून हे एवढं.

मी खोल्या विकते. तीन आहेत. दापोलीजवळ आंजर्ल्यात वाडीतलं घर, मागे नारळ-सुपारी, पुढे पाच-दहा मिनिटांवर समुद्र. हे मी प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहिते. शेवटी का, सुरुवातीला का नाही, असं आपण विचारलेलं नाही, तेव्हा मीही सांगत बसत नाही.

आता कासवं आणि खोल्या यांचा संबंध. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 साली काम सुरू केलं. त्याआधी किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी सापडली की अंडी उकरून नेली जायची, कुत्र्या-कोल्ह्यांनी सोडली तर. मग घरटी शोधून अंडी कुंपणातल्या वाळूत हलवायची, साधारण 45 ते 60 दिवस राखण करायची, आणि पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडायची, हे सुरू झालं. ते बघायला माणसं येऊ लागली. राहणार कुठे? गावात हॉटेल नव्हतं. लोकांनी घरं उघडली. पाहुणे पडवीत झोपले, घरात जे शिजलं ते जेवले आणि पैसे देऊन गेले. गावाला अंड्यांपेक्षा पिल्लांमध्ये जास्त मिळकत दिसली, म्हणून गाव राखणीला उभं राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडेही तेच. तेव्हा कासवांमुळे खोल्या भरतात, आणि खोल्या भरतात म्हणून कासवांची कदर होते. आपल्याला यात पाप दिसतं. मला दिसत नाही.

बरं, जाहिरात अशी असते? त्याच लेखात मी लिहिलंय की पिल्लं दिसतीलच असं नाही. दोन दिवस राहून एकही न बघता परत गेलेली माणसं आहेत. फ्लॅश मारायचा नाही, बॅटरी रोखायची नाही, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. हात तर लावायचाच नाही. हे वाचून लोक फोन करतात, “गॅरंटी आहे का?” मी नाही म्हणते. पलीकडून फोन ठेवतात. ठेवू देत.

मासे मिळणार नाहीत, हेही मीच लिहिलं. आमच्या घरात शिजत नाहीत. कोकणात येऊन मासे नाहीत म्हटल्यावर निम्मे पाहुणे तिथेच गळतात. ज्यांना खायचेत त्यांना मी हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाची वाट दाखवते आणि शिजवून देणारी घरंही सांगते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कोकणात ‘ताजी सुरमई’ म्हणून पुढे येणाऱ्या ताटाबद्दल जरा चौकशी करा, असंही लिहिलं होतं. त्यावरून गावातल्या एकाने महिनाभर अबोला धरला. धंदा वाढवायला कोण असं लिहितं, सांगा!

न लिहिता काय होतं तेही बघून झालंय. एका बुकिंग साइटवर घर टाकलं होतं. दर बुकिंगमागे 18 टक्के त्यांचे. ते एक वेळ सोसलं. पण आमच्या नावाखाली भलत्याच कुणाच्या पोहण्याच्या तलावाचा फोटो लागला. मुंबईचं एक कुटुंब पोहण्याचे कपडे घेऊन उतरलं आणि मी त्यांना विहीर दाखवली. त्यांनी एक तारा दिला. त्यांची चूक नाही, त्यांना आमच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. लेख वाचून येणाऱ्याला एसी नाही, दारू चालत नाही आणि रात्री सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळ माळावरून, कोल्हेकुई येते हे आधीच ठाऊक असतं. असा पाहुणा येतो तो हसतच. माझं सगळं मार्केटिंग म्हणाल तर एवढंच.

आणि 3 जून 2020. ‘निसर्ग’ चक्रीवादळ. टाळेबंदी चालूच होती, त्यात पडवीचे पत्रे उडाले, सुपाऱ्या आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, हे आपल्याला माहीत असेल-नसेल. वीज नव्हती. दापोलीला जाऊन फोन चार्ज करून मी जे झालं ते लिहिलं. पैसे मागितले नव्हते. वाचणाऱ्यांनी “पुढच्या हंगामाचे आगाऊ ठेवा” म्हणून पाठवले. त्यातूनच पत्रे आले. तेव्हाही लेखाखाली फोन नंबर होता. तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

फोटो जुना वाटतो, कारण त्यात वादळाआधीच्या सुपाऱ्या आहेत. मला तो आवडतो. राहील.

दर लिहीत नाही, कारण माणसं किती, जेवण किती वेळचं, लहान मुलं आहेत का, यावर तो ठरतो. फोन करायला एक रुपया लागत नाही हल्ली.

आपली प्रतिक्रिया उडवलेली नाही, चेहऱ्यांसकट ठेवली आहे. पुढच्या वेळी नाव लिहा. मार्चचे शनिवार-रविवार भरलेत, मधल्या वारी एक खोली आहे. नंबर खाली, लहान अक्षरांत.