पेढे तारण ठेवून मिळेल

पाकीट बाळगायचं मी दोन-तीन वर्षांपूर्वीच सोडलं. मागच्या खिशात उगाच फुगवटा येतो आणि बायकोच्या मते त्यात नोटांपेक्षा मेडिकलच्या पावत्याच जास्त असायच्या. आता भाजीवाल्या मावशीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडे तो ठिपक्यांचा चौकोन लावलेला असतो, मग नोटा कशाला, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो.

मागच्या श्रावणात साताऱ्याला एका कामासाठी गेलो. काम झालं नाही (साहेब मीटिंगला), मग मोती चौकातनं अर्धा किलो कंदी पेढे घेतले, कारण सांगलीचा माणूस साताऱ्याहून रिकाम्या हातानं आला तर घरात घेत नाहीत, आणि राजवाड्याजवळ चौपाटीवर पावभाजी खायला बसलो. बसतोय तोवर पाऊस. साताऱ्याचा पाऊस अजिंक्यताऱ्यावरनं उतरतो तो थेट तुमच्या कॉलरमध्ये. मोबाईल शर्टाच्या खिशात होता, पण माझं लक्ष पावाकडं. दोन जादा पाव, बटर, वर मसाला पापड असं सगळं हाणून झाल्यावर ऐटीत मोबाईल काढला, स्कॅनरसमोर धरला, स्क्रीन एकदा हिरवी झाली, एकदा जांभळी झाली आणि गेली.

पुसला, फुंकला, तळहातावर आपटला. टीव्हीच्या रिमोटवर जे जे उपचार करतो ते सगळे झाले.

"मालक, मोबाईल बंद पडला."

"मग रोख द्या."

"रोख नाही."

"अजिबात?"

मी पँटचा खिसा उलटा करून दाखवला. त्यातनं चॉकलेटचा कागद पडला. मग काय सुचलं कुणास ठाऊक, पेढ्यांचा बॉक्स पुढं सरकवला, म्हटलं हे ठेवून घ्या, पैसे आणून देतो आणि सोडवून नेतो.

त्यानं भाजी मॅश करायची थांबवली. "साताऱ्यात पेढं गहाण ठेवताय व्हय? कुठलं तुम्ही?"

"सांगली."

"तरीच."

तरीच म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. प्लेटा धुणाऱ्या काकूंनीही हात पुसत पुसत ऐकवलं, एवढा बाप्या माणूस आन् खिशात शंभराची नोट नसावी? मालकानं स्वतःचा फोन पुढं केला, लावा घरी. आता घरचा नंबर मला पाठ पाहिजे की नको? तर नाही. मला फक्त वडिलांच्या लँडलाईनचा नंबर पाठ आहे, जो कनेक्शन काढून टाकलं त्याला पंधरा वर्षं झाली. बायकोचा म्हणून अंदाजानं जो लावला तो जळगावच्या एका गृहस्थांनी उचलला आणि तेही ओरडले.

साताऱ्यात मदत बिनव्याजी मिळते, पण बोलणी रोखीनं खावी लागतात. मालक म्हणाला, "पैशाचं ऱ्हाऊ द्या, पुढच्या टायमाला या आन् येताना पाकीट आना." मी बॉक्स उघडून धरला, त्यानं एक पेढा घेतला, एक काकूंना दिला आणि भाच्याला मला स्टँडवर सोडायला पिटाळलं. भाचा पोवई नाक्यापर्यंत मला पॉवरबँकेचं महत्त्व सांगत होता. तिकिटापुरते उसने दे म्हटलं तर म्हणाला, "दादा, माझ्याकडंबी मोबाईलच हाय."

स्टँडवर आलो आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. 'पाकीट मारलं साहेब, गावाला जायला पैसे द्या' म्हणणारी माणसं मी जन्मभर बघत आलोय आणि आजवर एकालाही छदाम दिलेला नाही. आता तोच डायलॉग मला म्हणायचा होता, आणि तोही हातात अर्धा किलो पेढे धरून! मनात तीनदा तालीम केली. एका कॉलेजच्या पोराला गाठलं, "भाऊ, एक मिनिट..." एवढंच म्हणालो तर त्यानं कानात इअरफोन घातले. बरोबर होतं त्याचं. मीही हेच करतो.

"इकडं ये रं." बाकावर एक आजी. नऊवारी, कडेला पिशवी. तिनं सगळं बघितलं होतं. गाव कुठलं, आडनाव काय, रान किती, पोरं किती, बायको कुठल्या गावची, एवढी चौकशी तर माझं गृहकर्ज देताना बँकेनंही केली नव्हती. सांगली म्हटल्यावर म्हणाली, "मग काय परका न्हवंस. आमच्या शाळंत तुमच्या जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हनायचं." हे खरंच आहे, १९६० पर्यंत तेच नाव होतं, पण मला ते साताऱ्याच्या स्टँडवर हात पसरायच्या तयारीत असताना कळायचं होतं.

मग तिनं कमरेची पिशवी काढली. आधी सेफ्टी पिन. आत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या आत फडकं, फडक्यात मिसरीची डबी आणि डबीखाली बिडीएवढ्या गुंडाळलेल्या नोटा. थुंकी लावून एकेक सुटी केली आणि माझ्या तळहातावर मोजून ठेवली.

"आजी, एवढे..."

"गप घे. मला ऐंशी लागलं. पंच्याहत्तरीच्या वर सरकार फुकट नेतंय यश्टीनं. माझं वाचल्यालं तुला."

गाडीत ती खिडकीला आणि मी शेजारी. कंडक्टरनं तिचं शून्याचं तिकीट फाडलं, माझे पैसे घेतले, नोटांचा वास घेऊन माझ्याकडं बघितलं. आजीनं त्याला सगळी हकिगत सांगितली. मग मागच्या सीटवाल्यांना सांगितली. कऱ्हाडपर्यंत अख्ख्या गाडीला कळलं होतं की हा सांगलीचा, ह्याचा फोन भिजला, बायकोचा नंबर पाठ न्हाई. पेढ्यांचा बॉक्स मीच फिरवला, तोंडं बंद करायला दुसरा इलाज नव्हता.

पेठ नाक्याला ती उतरायला लागली तेव्हा म्हटलं, घरातल्या कुणाचा तरी नंबर द्या, पैसे पाठवतो. "नंबर? आन् ठिवनार कुठं, तुझ्या त्या भिजक्या डबड्यात?" बॉक्समधले सात-आठ पेढे नातवंडांसाठी पदरात बांधून घेतले आणि उतरताना परत एकदा, "बायकूचा नंबर पाठ कर."

रात्री साडेदहाला घरी पोचलो. मोबाईल तांदळाच्या डब्यात गेला. बायकोनं बॉक्स उघडला, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"साताऱ्याहून चार पेढे आणलेत?"

"बाकीचे तिकिटाला गेले."