पुणे ते चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) विमानाची वेळ आणि चिपी ते मालवण गाडीचा रस्ता : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण आम्हाला एकच तारा देऊन लिहिले आहे की, ‘पन्नास मिनिटांचा प्रवास सांगितला, तासाहून जास्त लागला; दहा किलोमीटरवरच्या मालवणला लांबून फिरवून नेले आणि दहाचे स्कूबा बुडवले.’ आपली सकाळ वाया गेली याबद्दल मनापासून क्षमस्व.

फोनवर आमच्या मुलाने पन्नास मिनिटे सांगितली, ती विमान प्रत्यक्ष हवेत असण्याची वेळ होती आणि त्याने तसे स्पष्ट करायला हवे होते, हे मान्य आहे. तिकिटावर मात्र एक तास पाच मिनिटे छापलेली होती. ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत धरतात. पुणे ते चिपी हे हवाई अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी जेमतेम ५०० किलोमीटरने जाते, तेही वर पोहोचल्यावर. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ असल्याने तिथे कधीकधी धावपट्टीसाठी थांबावे लागते. त्यात आमचा काही इलाज नाही.

खरे वाईट वाटले ते ‘लांबून फिरवले’ या शब्दांचे. आपण मागच्या सीटवरून मोबाइल पुढे धरून चालकाला नकाशावर बोटाने अंतर दाखवत होतात. चिपीहून मालवण सरळ रेषेत दहा किलोमीटरच्या आतच आहे, परंतु मधे कर्ली नदीची खाडी आहे, जी देवबागला समुद्राला मिळते, आणि तिथे गाडी जाईल असा पूल नाही. त्यामुळे आत जाऊन नेरूरपारच्या पुलावरून, चौकेमार्गे यावे लागते आणि अंतर दुपटीहून अधिक होते. गावातला कोणीही माणूस हेच सांगेल. आपले भाडे आदल्या दिवशीच मेसेजवर एकरकमी ठरले होते, किलोमीटरवर नव्हते. मग फिरवून आम्हाला काय मिळणार होते? डिझेल आमचेच जळले असते.

लिहू नये असे वाटत होते, पण परुळ्यात आंबोळ्या खाण्यासाठी गाडी अर्धा तास थांबली होती, त्याचा आपल्या अभिप्रायात उल्लेख नाही. आंबोळ्या आवडल्या असतील तर आनंदच आहे. मात्र तारकर्लीला स्कूबाचे बोटवाले भरती-ओहोटी पाहून निघतात, ते कोणासाठी थांबत नाहीत, आणि त्या दिवशी अकरानंतरचे स्कूबा घ्या असे आम्ही दोनदा सुचवले होते.

आमच्या तीनच गाड्या आहेत आणि हंगाम पावसाळ्यापूर्वीच संपतो. नवीन पाहुणे असे अभिप्राय वाचूनच फोन करतात. यापुढे वेळ सांगताना विमानातली आणि रस्त्यावरची वेगवेगळी सांगावी अशी सूचना मुलांना दिली आहे, व कार्यालयातील अंतराचा फलकही सवडीने बदलून घेऊ. आपण पुन्हा आलात तर चिपीहून मालवणपर्यंत मी स्वतः गाडी चालवीन, मीटर पुढे ठेवून.

आपला नम्र,
मालक