ब्रेक वाजतो म्हणून डिस्कवर तेल? तो मेसेज पुढे पाठवू नका

'नव्या गाडीतून आवाज येतोय? सर्व्हिस सेंटरला जाऊ नका, हे पाच उपाय घरीच करा' असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. तो वाचून माझ्या मावसभावाने स्प्रेचा डबा घेतला आणि 'नेमका कुठे मारू?' म्हणून मला फोन केला. सुदैवाने मारण्याआधी केला.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. 'ब्रेक चिरकत असेल तर डिस्कवर थोडं तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारा.' गाडी थांबते ती डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड यांच्या घर्षणावर. तिथे तेल गेलं की आवाज बंद होतो हे खरं, पण तो घर्षण गेल्यामुळे बंद होतो. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते, पॅड होत नाही. तापला की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. एकाच चाकाला तेल लागलं असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी दुसऱ्या बाजूला ओढते, आणि हे कळतं ते नेमकं तातडीने थांबायची वेळ आल्यावर. कोणी हा उपाय आधीच करून बसलं असेल, तर गाडी चालवू नका. डिस्क क्लीनरने धुवून घ्या आणि त्या ॲक्सलवरचे (पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या) दोन्ही चाकांचे पॅड बदला. पॅड घासून, उन्हात वाळवून चालत नाही.

यातलं अर्धसत्य एवढंच की ब्रेकमध्ये ग्रीस लागतं. पण ते ब्रेकसाठी बनवलेलं, जास्त तापमान सोसणारं ग्रीस असतं आणि अगदी पातळ थरात लावतात: पॅडच्या मागच्या पत्र्यावर, पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये सरकतात तिथे आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनवर. घासणाऱ्या बाजूला कधीच नाही. पिनवर साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर तिच्यावरची रबरी आवरणं (बूट) फुगतात, पिन अडकते आणि पॅड डिस्कवरून मागे सरकत नाही. म्हणजे आवाज घालवायला जाऊन नवा आवाज ओढवून घ्यायचा.

तिसरा मुद्दा: 'ताशी १०० किमीवरून दहा वेळा कचकचून ब्रेक मारा, पॅड बसतील.' नवे पॅड डिस्कवर बसावे लागतात, हे मान्य. पण कसे? अमेरिकेच्या संघीय वाहन सुरक्षा मानक क्र. १३५ मध्ये चाचणीआधी ब्रेक बसवण्याची पद्धत दिली आहे: ताशी ८० किमीवरून २०० वेळा थांबायचं, गती कमी होण्याचा दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद, आणि दोन थांब्यांमध्ये ब्रेक निवायला अंतर. कोरड्या रस्त्यावर जीव खाऊन ब्रेक दाबला तर हाच दर ८ च्या आसपास जातो. थोडक्यात, सौम्य आणि पुष्कळ वेळा. कचकचून सलग दाबलं तर पॅडचा पृष्ठभाग चकचकीत होतो किंवा त्याचं मटेरियल डिस्कवर ठिकठिकाणी चिकटतं, मग ब्रेकचं पेडल थरथरतं. तुम्हाला २०० थांबे मोजायची गरज नाही. पहिले ३०० किमी लांबून, हलक्या पायाने ब्रेक लावा.

पहिला मुद्दा, 'हजार किलोमीटरपर्यंत सगळे आवाज नॉर्मल', अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच घातक. गाडी धुतल्यावर किंवा रात्रभर ओलाव्यात उभी राहिल्यावर सकाळची खरखर हा डिस्कवरचा वरवरचा गंज. चार-पाच ब्रेकमध्ये जातो. निघताना, थोडा वेग घेतल्यावर येणारा एखादा 'टक' बहुधा एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) स्वतःची तपासणी. रिव्हर्सनंतर पुढे जाताना पहिल्याच ब्रेकला एकदा 'टक' होतं, तो पॅड जागेत सरकल्याचा.

हे मात्र नॉर्मल नाही: ब्रेक न दाबताही येणारी सततची घासघास. ती अचानक सुरू झाली असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या ढालीत खडा अडकल्याची शक्यता आधी बघा. मोकळ्या जागेत गाडी हळू मागे-पुढे केली की तो बऱ्याचदा पडतो. नाही पडला तर चाक काढून ढाल जराशी वाकवावी लागते. थोडं चालवून आल्यावर चारांपैकी एकच चाक जास्त गरम लागत असेल, तर कॅलिपर अडकलेला असू शकतो. हात चाकाजवळ धरून अंदाज घ्या, डिस्कला लावू नका. पॅड संपल्याचं कारण नव्या गाडीत जवळजवळ नसतंच: नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी असतो, पॅड संपत आल्याचा इशारा देणारी, चिरकणारी पट्टी पॅड २-३ मिमी उरल्यावर डिस्कला लागते.

आता चौथा मुद्दा, खिडकीची काच. 'किरकिरली तर रबरात घरातलं कुठलंही तेल सोडा.' नको. तेलाने रबर फुगतं, त्यावर धूळ चिकटते आणि तीच धूळ काचेवर ओरखडे काढते. आधी काच पूर्ण खाली करून दोन्ही बाजूंच्या खाचा ओल्या फडक्याने पुसा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. राहिलीच तर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन खाचेत फिरवा. समोरच्या काचेवर आणि ब्रेकच्या आसपास त्याचा थेंबही उडू देऊ नका. वेगात शिट्टी येत असेल तर दाराच्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप एकेका भागावर लावून चालवून बघा. जिथे शिट्टी थांबेल तिथलं रबर किंवा दाराची बसण दोषी. काच वर जाताना तिरकी होऊन ठकठक वाजत असेल तर बटण दाबणं थांबवा. काच धरणारा क्लॅम्प किंवा ती वर-खाली करणारा रेग्युलेटर सैल असेल तर काच दारात पडते.

पाचवा मुद्दा वॉरंटीचा: 'हे वॉरंटीत बसत नाही.' झिजणारे भाग म्हणून पॅड बहुतेक वॉरंटीत नसतात, ते खरं. रेग्युलेटर, दाराची बसण, अडकलेला कॅलिपर सहसा असतात, मात्र तेल ओतलेल्या भागावर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर (तक्रार नोंदवतात त्या कागदावर) नुसतं 'आवाज येतो' लिहू देऊ नका. कोणतं चाक किंवा दार, किती वेगाला, थंड की गरम, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, हे लिहून घ्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा.