दोन यशोदा

श्यामच्या आईचं नाव यशोदा. महाश्वेता देवींच्या 'स्तनदायिनी' या बंगाली कथेतली बाई जशोदा, म्हणजे यशोदाच. दोघींना लागोपाठ वाचल्यापासून आपल्याकडच्या मातृत्वाच्या आरत्या मला ऐकवत नाहीत.

जशोदा ब्राह्मणाची बायको. नवरा कांगालीचरण गाडीखाली सापडून पायांनी अधू होतो. गाडी हालदारांच्या पोराची, आणि पोटासाठी जशोदा त्याच हालदारांच्या वाड्यात दूध पाजायला लागते. सुनांचा बांधा सुटू नये म्हणून त्यांची पोरं हिच्या अंगावर. दूध आटू नये म्हणून हिला पुन्हापुन्हा दिवस. जगली-मेली धरून वीस लेकरं! वाड्यात तिचं कोण कौतुक, साक्षात देवीच. पण मालकीण जाते, काळ बदलतो, दुधाची गरज संपते. जशोदाला स्तनाचा कॅन्सर होतो. मरताना ना पोटची पोरं जवळ, ना दुधावरची. प्रेत डोम, म्हणजे मसणात प्रेतं जाळणारा, जाळतो.

देवी म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही, हे महाश्वेतादींनी जेवढं उघडं करून दाखवलं तेवढं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

साने गुरुजींवर माझा राग नाही. 1935 सालच्या त्यांच्या 'श्यामची आई'त 'अर्धनारी नटेश्वर' नावाचं प्रकरण आहे, मुलग्यांनी बायकांची कामं शिकावीत असं गुरुजी तेव्हा सांगून गेलेत. सावकाराचा माणूस दारात वाटेल ते बोलतो तेव्हा ही आई संतापून त्याला सुनावते, तेही आहे. तिने न काढलेल्या कर्जापायी ती झिजून गेली. आपण मात्र त्यातून त्याग आणि संस्कार तेवढे उचलले, तिचा संताप विसरलो. शिवाय ती आपल्याला भेटते ती मुलाच्या आठवणीतून. तिला स्वतःला काय वाटत होतं, हे तिला विचारणारं तिथे कोणी नाही.

म्हणून बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन मला फार मोलाचं वाटतं. महारवाड्यातलं बाळंतपण त्यात बाईच सांगते: कोवळ्या वयातल्या पोरी, सुईणींचे अघोरी उपाय, आणि बाळंतिणीच्या पोटातली भूक. इथे वात्सल्याआधी भाकरीचा प्रश्न येतो. मातृत्वाला जात असते, हे त्या पानांवर दिसतं. दहा लेकरांची ही आई फलटणला दुकान सांभाळून लिहीत होती, आणि ते लिखाण तिने वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं.

तुमच्यापैकी जे मराठी शिकवतात त्यांना कळकळीची विनंती आहे. 'श्यामची आई' जरूर शिकवा, पण त्याच आठवड्यात 'जिणं आमुचं'मधलं बाळंतपणही वर्गात मोठ्याने वाचा. मुलग्यांकडून वाचून घ्या.