'व्यायामानं स्नायू जळतात' म्हणे! एका सांगलीकर फिजिओचं उत्तर

गेल्या महिन्याभरात चार पेशंटनी मला एकच व्हॉट्सॲप फॉरवर्ड दाखवला. मजकूर थोडक्यात असा: 'मायोसायटिसमध्ये स्नायूंना आतून सूज असते. व्यायाम केला की तंतू तुटतात, सीपीके वाढतं. जितका आराम तितकं लवकर बरं. थोडं चाललं तर चालेल, पण वजन उचलणं म्हणजे आत्मघात. गोळ्या चालू असतील तर बाकी काही लागत नाही.' खाली हात जोडलेले इमोजी.

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून तर पुढचं खपतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उठते. मांड्या, कंबर, खांदे आधी ढिले पडतात. जेवून पाटावरून उठता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही, वेणी घालताना हात खाली येतो. अशा माणसाला 'व्यायाम कर' म्हणणं घरच्यांना क्रूर वाटतं. त्यात आपला जिल्हा हिंदकेसरी मारुती मानेंचा. व्यायाम म्हटलं की डोळ्यांपुढं तालीम, घाम आणि शंभर बैठका येतात. तसला व्यायाम कुणी सांगतच नाहीये.

शिवाय हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही. 1990च्या दशकापर्यंत डॉक्टरही सूज वाढेल या भीतीनं विश्रांतीच सांगायचे. म्हणजे फॉरवर्डवाला खोटारडा नाही, तीस वर्षं मागं आहे.

आता सीपीके. स्नायूच्या पेशीला इजा झाली की हे एन्झाइम रक्तात उतरतं, म्हणून पेशंट त्या आकड्याला शेअर बाजारासारखं बघत बसतात. व्यायामानं तो आकडा आणि सूज वाढते का, हे लोकांनी तपासून पाहिलंय. 1998मध्ये व्हिएन्नात 14 पेशंटवर अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटानं सहा आठवडे सायकल आणि स्टेपचा व्यायाम केला. त्यांची ताकद आणि दम वाढला, सीपीके वाढलं नाही. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये हेलेन अलेक्झांडरसन यांनी (त्या आमच्यासारख्याच फिजिओ, हे मुद्दाम सांगतो) आजार आटोक्यात असलेल्या 10 जणांना 12 आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घरी व्यायाम दिला. आधी आणि नंतर स्नायूचा तुकडा काढून तपासला. सूज वाढलेली नव्हती. 2000मध्ये त्यांनी नुकताच आजार झालेल्या पेशंटवरही तेच करून पाहिलं, तिथंही घात झाला नाही. हे अभ्यास लहान आहेत, मान्य. आजारच दुर्मीळ, हजार पेशंट आणायचे कुठून?

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. नवा किंवा जोराचा व्यायाम केला तर धडधाकट माणसाचंही सीपीके दोन-चार दिवस वर जातं. म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस जोर लावू नका, नाहीतर रिपोर्ट बघून उगाच गोळी वाढायची.

'जितका आराम तितकं बरं.' प्लास्टर काढल्यावरचा पाय पाहिलाय कधी? चांगला धट्टाकट्टा पाय सहा आठवड्यांत काठीसारखा होतो, तोही कुठला आजार नसताना. इथं तर आजार स्नायू खातोय, स्टिरॉइडची गोळी दीर्घकाळ घेतली की तीही मांड्या झिजवते, आणि वरून आपण खाटेवर पडून तिसरा खाणारा घरात घेतो. स्टिरॉइडनं आलेल्या अशक्तपणात सीपीके बहुधा नॉर्मलच असतं. रिपोर्ट छान आणि जिना चढवत नाही, याचं कोडं कित्येकदा इथं सुटतं. पण म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. ती एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं.

वजनाचं म्हणाल तर 2007च्या एका अभ्यासात जुन्या पेशंटना जेमतेम 10 वेळा उचलता येईल इतकं वजन दिलं, आठवड्यातून तीनदा, सात आठवडे. ताकद वाढली, सूज नाही. आमच्याकडं सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं होते, म्हणजे अर्धा किलो.

'गोळ्या पुरे' हे तर इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसवाल्यांना सांगूच नका. पन्नाशीनंतर येणाऱ्या या प्रकारात मांडीचा पुढचा भाग आणि बोटांची पकड जाते, गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्या हातात व्यायाम आणि पडणं टाळणं एवढंच उरतं.

फॉरवर्ड कुठं अर्धा बरोबर आहे? आजार नुकताच उसळलाय, मान धरवत नाही, तेव्हा जिमचं नाव काढायचं नाही. सांधे हलवायचे, डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवायचं. घास अडकतो, छातीत धडधडतं, कोरडा खोकला आणि दम लागतो, तर आधी तपासणी. लघवी चहाच्या रंगाची झाली तर थेट दवाखाना. अंगावर चट्टे असलेल्या डर्मॅटोमायोसायटिसवाल्यांनी आमराईत फिरायचं ते कोवळ्या उन्हाच्याही आधी, कारण उन्हानं चट्टे भडकतात. दुसऱ्या दिवशी अंग आंबणं ठीक. तीन दिवस उठवत नसेल तर व्यायामाचा डोस जास्त झाला, कमी करायचा.

फॉरवर्ड दाखवणाऱ्यांतल्या एक मावशी हळदीच्या अडतीत कामाला होत्या. पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवून, खुर्चीचे हात धरूनच उठल्या. आम्ही तेवढंच केलं: उंच बैठकीवरून उठायचं, बसायचं, पाच वेळा, मग आठ. पाचव्या आठवड्यात एक उशी काढली. परवा आल्या तेव्हा दुसरी त्यांनीच काढून टेबलावर ठेवली होती, मला न विचारता. त्यावर मात्र मी ओरडलो.