कुकुर तिहार आणि माझे गुडघे

नरकचतुर्दशीच्या पहाटे जो अभ्यंगस्नान करत नाही तो नरकात जातो, असं आजी सांगायची. तिथे जायला तीन हजार पायऱ्या चढाव्या लागतात, हे सांगायचं तिच्याकडून राहून गेलं.

तर झालं असं की या दिवाळीत मी आणि माझी नणंद नेपाळला होतो. नणंद माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि तिच्या मनगटावर ते घड्याळ असतं ना, माणूस जरा निवांत बसला की थरथरून उठवणारं, ते आहे. प्लॅन तिचाच. "वहिनी, एकदम बिगिनर लेव्हल आहे गं, पोखऱ्याहून घोडेपानी, तिथून पून हिल, सूर्योदय बघायचा आणि घांद्रुकवरून खाली यायचं. साठीची माणसं करतात." साठीची माणसं करतात, हे वाक्य चाळिशीतल्या माणसाला खड्ड्यात ढकलायलाच शोधून काढलेलं असावं. पुढे तिथे गेल्यावर साठीची माणसं भेटली पण, गवताचा भारा पाठीवर घेऊन चपला घालून टणाटण उतरत होती. खोटं काही बोलली नव्हती ती.

खरं तर सूचना काठमांडूतच मिळाली होती. स्वयंभूच्या स्तूपाला पूर्वेच्या बाजूने जायला ३६५ पायऱ्या आहेत, वर्षाचे दिवस तेवढ्या. मी फेब्रुवारीतच बसले. एप्रिलमध्ये पाणी प्यायले, जूनमध्ये माकडाने ती बाटली नेली, गणपतीपर्यंत कशीबशी आले आणि मग शेवटच्या चढाला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की कठडा धरून बाजूने खेकड्यासारखी वर गेले. वर जाऊन बघते तर एकीकडे लामा प्रार्थनाचक्र फिरवतायत, त्याला लागून लेकरांची राखण करणाऱ्या हारती देवीचं देऊळ, तिथे बायका लेकरांना घेऊन रांगेत, कोण हिंदू कोण बौद्ध काही पत्ता लागत नाही आणि कुणाला लावायचाही नाही. छान वाटलं. एवढ्यावर परत फिरायला हवं होतं.

काठमांडू-पोखरा रस्त्यावर फार लिहीत नाही. २०० किलोमीटर, नऊ तास, आणि गाडी उडाली की नणंदेच्या घड्याळात पावलं वाढत होती.

आमचा गाईड पंचविशीतला गुरुङ मुलगा. आम्हा दोघींना दिदी म्हणायचा, बोलायला गोड, हिंदी उत्तम. पहिल्याच दिवशी मी विचारलं, बाबा रे, उद्याचा रस्ता कसा आहे? तो हसून म्हणाला, "तेर्सो है दिदी." तेर्सो म्हणजे सपाट. मी खुश. मग तो जरा थांबून म्हणाला, "अलिकति उकालो, अलिकति ओरालो." म्हणजे थोडं वर, थोडं खाली. आता मला सांगा, थोडं वर आणि थोडं खाली असलेल्या रस्त्याला सपाट म्हणायचं असेल तर मग समुद्र सोडून सगळं जगच सपाट. पण त्याचं गणित सरळ होतं. चारशे मीटर चढलो, चारशे मीटर उतरलो, हिशोब शून्य, म्हणजे सपाट. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा मोजल्यात, आणि माझा असा अंदाज आहे की त्या सगळ्या भाषांमध्ये 'सपाट'चा अर्थ हाच असणार, कारण दुसरा अर्थ दाखवायला यांच्या डोंगरात जागाच नाही.

भाषेवरून आठवलं. टिखेढुंगा या गावातल्या लॉजवर रात्री दालभात वाढला, वाफाळता भात, पातळ काळपट डाळ, साग, मुळ्याचं अचार. लॉजवाली दिदी मगर समाजाची, पन्नाशीची असेल, समोर उभी राहून विचारते, "मिठो छ?" मला वाटलं मीठ बरोबर आहे का विचारतेय. मी आपली खरं ते सांगितलं, "थोडा कम है." तिचा चेहरा एकदम पडला. आत गेली, तूप घेऊन आली, भातावर ओतलं. "मिठो छ?" मी म्हटलं, अजून कम है, पण चलेगा. गाईड डाळीचा घास तोंडात धरून आमच्याकडे बघत होता, शेवटी त्याला राहवलं नाही. मिठो म्हणजे चवदार. मिठाला नुन म्हणतात. म्हणजे ती बिचारी आपुलकीने विचारतेय चांगलं झालंय का, आणि मी दोनदा तोंडावर नापास केलं. मग मी उभी राहिले आणि "मिठो मिठो मिठो" असं तीनदा म्हटलं, त्याचा परिणाम म्हणून तिने तीनदा भात वाढला. दालभात कितीही घ्या, पुन्हा वाढतातच, आणि थांबवायचा शब्द 'पुग्यो' असा आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता ती पहाट. टिखेढुंगा साधारण १५४० मीटरवर. कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे बघा, जिथे आपल्याकडे चढून झालेलं असतं, फोटो काढून झालेले असतात आणि भजी खाऊन लोक उतरायला लागलेले असतात, जवळपास तिथून यांची सुरुवात. लॉजमध्ये गरम पाणी सोलरचं, म्हणजे ऊन आल्यावर, आणि ऊन यायच्या आत आम्हाला निघायचं. नणंदेने मात्र सॅकमधून उटण्याची पुडी काढली! वजन कमी करा म्हणून माझा एक स्वेटर पोखऱ्यात काढून ठेवायला लावणाऱ्या बाईने उटणं आणलं होतं. दोघींनी अंगणातल्या नळाखाली मनगटापर्यंत उटणं लावलं, त्या पाण्याने हात इतके बधिर झाले की ते आपलेच आहेत का बघायला मी बोटं मोजली, आणि अभ्यंगस्नान संपलं असं जाहीर केलं.

त्याच अंगणात लॉजवाली दिदी कुत्र्याची पूजा करत होती. आपली नरकचतुर्दशी तोच त्यांचा कुकुर तिहार, तिहारातला, म्हणजे त्यांच्या दिवाळीतला, दुसरा दिवस. पहिला कावळ्यांचा, दुसरा कुत्र्यांचा, पुढे गाईचा, शेवटी भावाचा. भाऊ कावळ्या-कुत्र्यांच्याही नंतर येतो, हा क्रम मला व्यक्तिशः आवडला. कुत्रा तपकिरी, एक कान थोडा फाटलेला, आणि एकदम शहाण्यासारखा बसलेला, मान पुढे करून, जसं काही हे दरवर्षीचं आहे आणि वेळेवर व्हायला हवं. तिने कपाळावर मोठ्ठा टिळा लावला, सयपत्रीची माळ घातली, सयपत्री म्हणजे आपला झेंडूच, आणि ताटलीत अंडं, भात, सेलरोटीचा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड कड्याचा, तुकडा. त्याने आधी अंडं खाल्लं, मग माळ हुंगली, मग आमच्या सॅक हुंगल्या. माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात बिस्किटं होती.

आम्ही निघालो तसा तोही निघाला, आणि थेट पुढे.

झुलता पूल ओलांडला आणि उल्लेरीच्या पायऱ्या सुरू झाल्या. दगडी, वेगवेगळ्या उंचीच्या, एक टाचेएवढी तर पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे पायांना लय म्हणून सापडत नाही. किती आहेत ते प्रत्येक जण वेगळं सांगतो, पण तीन हजारांच्या खाली कुणीच येत नाही. मी स्वयंभूचं माप लावलं. ३६५ म्हणजे एक वर्ष. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी मी बोलणं बंद केलं. तिसऱ्यात खेचरांची रांग आली वरून, गळ्यात घंटा, पाठीवर रिकामे सिलिंडर, आणि गाईड ओरडला, दिदी, पहाड की तरफ! खेचरं येताना डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, कारण खेचर सिलिंडरसकट जागा घेतं आणि तुम्ही तिथे आहात की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मी भिंतीला पालीसारखी चिकटले. खरं सांगू? ती खेचरं कधी संपूच नयेत असं वाटत होतं. बावीस मोजली, प्रत्येकाला मनातून आशीर्वाद दिला.

"बिस्तारै, बिस्तारै," गाईड म्हणायचा. म्हणजे हळूहळू. याहून हळू गेले असते तर मागे गेले असते.

आणि तो कुत्रा! वीसेक पायऱ्या वर जाऊन बसायचा, झेंडूची माळ, कपाळावर टिळा, जीभ बाहेर, आणि वळून बघायचा. मी जवळ गेले की उठून पुन्हा वीस पायऱ्या. तेव्हा मला एकदम युधिष्ठिर आठवला. तेच की हे! हिमालय, चढण, सोबत कुत्रा आणि मागे एकेक जण कोसळतोय. लहानपणी मला राग यायचा की सगळ्यात आधी द्रौपदीच का पडते, आणि त्यावर तिचं काय चुकलं म्हणून पडली हेही सांगतात. कसलं चुकलं न् काय, अहो, दमली असेल ती. नऊवारी नेसून, सकाळपासून पोटात काही नाही, आणि पुढे पाच जण, त्यातला एकही मागे वळून "बस जरा" म्हणत नाही. पाचव्या वर्षी, म्हणजे अठराशेच्या आसपास, मी चौतारीवर आडवी झाले. चौतारी म्हणजे झाडाखालचा पार, भारवाह्यांनी पाठीवरचा डोको, म्हणजे वेताची टोपली, टेकवावा म्हणून बरोब्बर त्या उंचीचा बांधलेला. कुणा भल्या माणसाने केवढा विचार करून ठेवलाय. नणंद म्हणाली, "वहिनी, घड्याळ सांगतंय आज गोल पूर्ण झालं!" मी डोळे मिटूनच घेतले.

तिथल्या चहाच्या दुकानात भिंतीवर कॅलेंडर होतं. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतो, आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढचा. माझे गुडघे पण नेपाळच्या कॅलेंडरने चालले होते, शेहेचाळीस अधिक सत्तावन, एकशे तीन.

शेवटी उल्लेरी आलं, दोन हजार मीटरच्या आसपास. मी शेवटची पायरी चढले, कठड्याला टेकले, आणि समोर एक जीप उभी. जीप. तिच्यातून पाच जण उतरले, बूट कोरे, केसांचे भांग जागेवर, त्यातल्या एका काकूंच्या हातात चक्क कुशन. मी गाईडकडे बघितलं. तो म्हणाला, हां दिदी, जीप तो यहाँ तक आती है. मी नणंदेकडे बघितलं. नणंद धौलागिरी कुठल्या दिशेला असेल ते शोधायला लागली. मग म्हणाली, "वहिनी, पण तो ऑथेंटिक अनुभव नाही ना." मी काही बोलले नाही, दिवाळीचे दिवस होते.

पुढचं काय सांगू. उल्लेरीच्या पुढे घोडेपानी, साधारण २८६० मीटर उंचीवर, वाटेत गुराँसचं, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं, जंगल, ऑक्टोबरात फुलं नसतात तरी खोडं शेवाळाने अशी हिरवीगार की हात लावावासा वाटतो, पण त्यासाठी हात काठीवरून उचलायला लागला असता. पूर्वी व्यापाऱ्यांची घोडी इथे पाणी प्यायची म्हणून नाव घोडेपानी. पोचले तेव्हा अंधार, त्या घोड्यांचीच अवस्था. मी शेगडीजवळ बसले, बूट काढले, दालभात आला, आणि मी "पुग्यो" हा शब्द वापरायची वेळ दोन ताटं होईपर्यंत येऊ दिली नाही. कुत्रा टेबलाखाली माझ्या पायांवर झोपला. माळ अजून गळ्यात. मला भरून आलं अगदी. नणंदेला म्हटलं, बघ, माणसाने थांबायचं नाव घेतलं नाही पण मुका जीव सोबत राहिला.

पहाटे पावणेपाचला दारावर थाप. नेपाळचं घड्याळ १९८६ पासून आपल्यापुढे पंधरा मिनिटं, त्यामुळे शरीराच्या मते साडेचारच वाजले होते आणि शरीराने तसं कळवलंही. पून हिल ३२१० मीटर आणि तरी नुसतं हिल. यांच्याकडे बर्फ नसेल तर तो हिमाल नाही, डाँडा, म्हणजे नुसती टेकडी. अंधारात टॉर्चची रांग, पुन्हा पायऱ्या, मी मोजल्याच नाहीत, कुत्र्याची शेपटी बघत गेले.

आणि मग ते झालं. आधी धौलागिरीचं टोक, ८१६७ मीटर, नुसतं निखाऱ्यासारखं पेटलं, मग अन्नपूर्णा साउथ, मग पलीकडे माछापुच्छ्रे, माशाच्या शेपटीसारखं, पवित्र म्हणून ज्याच्यावर चढायला परवानगीच देत नाहीत. ते ऐकून मी त्या शिखराला मनापासून नमस्कार केला. शंभर-दोनशे माणसं होती, पण दोन मिनिटं कुणीही बोललं नाही. नणंदेचं घड्याळ तेवढं थरथरलं, उठा म्हणून.

खाली लॉजवर येऊन नाश्त्याला बसलो. शेजारच्या टेबलावर आठ-दहा जर्मन आजी-आजोबा, उकडलेल्या अंड्यांची अख्खी ताटली घेऊन, सॅक बांधून उल्लेरीकडे उतरायच्या तयारीत. माझी बिस्किटं आदल्या दिवशीच संपली होती. कुत्रा उठला, अंग झटकलं, झेंडूच्या चार पाकळ्या माझ्या बुटावर पडल्या, आणि तो त्या जर्मन लोकांच्या पुढे जाऊन, वीस पायऱ्या खाली, वळून बसला.

"अरे, तो चालला!" मी गाईडला म्हटलं. आवाज जरा कापराच होता माझा.

तो चहा ओतत म्हणाला, जाएगाच ना दिदी, उसका घर टिखेढुंगा में है. कोणी ना कोणी चढणारं मिळतं त्याला, एक दिवस वर येतो, दुसऱ्या दिवशी खाली. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि मला बरं वाटावं म्हणून असेल, पुढे म्हणाला, "कल गले में माला थी ना, इसलिए थोड़ा धीरे चल रहा था."